मोगऱ्याचे सहा तास

वसईतल्या भुईगावला मावशीच्या अंगणात मोगऱ्याच्या दहा-बारा झुडपांची एक ओळ आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी चार वाजता मी टोपली घेऊन तिथे उभी राहिले, तर ओट्यावरून आवाज आला, “आत्ता नको हात लावू गं. कळ्याच आहेत त्या. सात वाजू दे.”

बाजारासाठी तोडायचा मोगरा वेगळा. तो पहाटे, कळी घट्ट मिटलेली असताना तोडतात, कारण दादरला पोचून गजऱ्यात ओवला जाईपर्यंत तो टिकायला हवा. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या कितीतरी बायकांनी पहाटेच्या लोकलने अशा कळ्यांची गाठोडी नेऊन संसार चालवले, मुलं शिकवली. मावशीही त्यांतलीच. पण त्या दिवशीची फुलं दादरला जायची नव्हती. ती काचेच्या बरणीत, व्होडकात जायची होती.

सातच्या सुमारास कळ्या उमलू लागल्या आणि अंगणातली हवा बदलली. आम्ही दोघींनी फुलं खुडली आणि ओट्यावर बसून प्रत्येकाचा हिरवा देठ काढला. देठ राहिला तर कडवटपणा उतरतो. पाकळ्या धुतल्या नाहीत, नुसत्या झटकून घेतल्या. रुंद तोंडाच्या बरणीत दोन ओंजळी फुलं, वर अर्धी बाटली व्होडका, झाकण, आणि घड्याळात रात्री एकचा गजर. साधारण सहा तास. एक वाजता उठून फुलं गाळली, न पिळता. दुसऱ्या संध्याकाळी त्याच व्होडकात ताजी फुलं, पुन्हा सहा तास. तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा. तीन वेळा फुलं बदलल्यावर बरणीतला द्रव जवळजवळ पाण्यासारखाच दिसत होता, फार तर किंचित पिवळट. पण झाकण उघडलं की सगळ्या खोलीला मे महिन्यातली संध्याकाळ समजत होती.

सहा तासांचा हिशेब मला चुकूनच कळला. पहिल्या वर्षी मी फुलं दोन दिवस तशीच ठेवली होती. जितका वेळ जास्त तितका वास जास्त, असा माझा सरळ समज. पाकळ्या तपकिरी झाल्या आणि व्होडकाला उकडलेल्या पालेभाजीसारखी चव आली. ती सगळी बाटली ओतून दिली. नंतर वाचलं, विचारलं, तेव्हा कारण उमगलं. मोगऱ्याच्या कळीत वास तयार साठवलेला नसतो. तो उमलताना तयार होत जातो आणि खुडलेलं फूलही पुढे काही तास तो बनवत राहतं. म्हणून तर फ्रान्समधले जुने अत्तरवाले मोगऱ्याच्या भावंडांची, जाईची फुलं थंड चरबीच्या थरावर पसरायचे. फूल जिवंत राही आणि रात्रभर वास देत राही. आपल्याकडे उत्तरेत तिळाचे आणि फुलांचे थर एकावर एक रचून चमेलीचं तेल करायचे, त्यामागे हीच जाण होती. दारूत पडलेलं फूल मात्र तत्काळ मरतं. त्या क्षणी त्याच्यात जेवढा वास असेल तेवढाच मिळणार. त्यानंतर दारू पाकळीतला कडवटपणा आणि हिरवट रस ओढत बसते. म्हणजे कळी बुडवली तर हाती गवताची चव, आणि उमललेलं फूल विसरलं तर भाजीची. मधे सहा तासांची एक फट आहे. मावशीला यातलं रसायन माहीत नाही, पण सात वाजेपर्यंत थांबायचं हे तिला माझ्याआधी माहीत होतं.

वसईत या प्रकाराला वेगळं नाव नाही. ‘मुरवलेली’ म्हणतात, बस. मला तो शब्द अगदी नेमका वाटतो. लोणचं मुरतं, मुरंबा मुरतो, गुलकंद उन्हात मुरतो. मीठ, तेल किंवा साखर यांच्या जागी इथे मद्यार्क असतो, एवढाच फरक. बरणी तीच, दादरा तोच, कपाटातला अंधारा खणही तोच. गंमत म्हणजे मद्यार्क या कामाला त्या तिघांपेक्षा जास्त लायक आहे. पाण्यात विरघळणारा रंग आणि आंबटपणा तो घेतो, आणि तेलात विरघळणारा वासही घेतो. संत्र्याच्या सालीतलं तेल पाण्यात उतरत नाही, व्होडकात दोन दिवसांत उतरतं.

तरीही ‘घरी केलेली’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भट्टी येते. म्हणून तीन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात: आंबवणं, गाळणं आणि मुरवणं. वसईला तिन्ही ठाऊक आहेत. नाताळच्या आधी इथल्या ख्रिस्ती घरांत द्राक्षांची, मनुकांची, आल्याची, कुठे जांभळाची वाइन घातली जाते. साखर, यीस्ट, मूठभर गहू आणि तीन-चार आठवड्यांची वाट. ते आंबवणं. ताडीही तशीच, फक्त ती झाडावरच आंबू लागते. आयुर्वेदातली आसवं-अरिष्टंही आंबवलेलीच. त्यांत धायटीची फुलं घालतात ती आंबण्याला चालना मिळावी म्हणून. पूर्वेला डोंगराकडे सरकलं की वारली पाड्यांवर मोह आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली मोहाची मांसल फुलं पडतात. ती वेचून, वाळवून, भिजवून, आंबवून मग भट्टीवर गाळतात. मुरवण्यात मात्र नवा मद्यार्क तयारच होत नाही. दुकानातून आणलेल्या सीलबंद बाटलीत जेवढा होता तेवढाच राहतो, उलट फळाच्या पाण्याने पातळ होतो.

हा फरक मी इतका घोळवून सांगते, कारण खाडीपलीकडे मालाडच्या मालवणीत जून 2015 मध्ये विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. ती माणसं फळाने किंवा फुलाने गेली नाहीत. दारूच्या नावाखाली त्यांना मिथेनॉल विकलं गेलं. बरणीत जांभूळ मुरलं म्हणून मिथेनॉल तयार होत नाही. मूळ दारूत विष असेल तर मात्र जगातलं कुठलंही फूल ते झाकेल, काढू शकणार नाही. म्हणून आमच्या घरी नियम एकच: परवानाधारक दुकानातली सीलबंद बाटली, पावतीसकट. कुणी ‘गावठी चांगली मिळते’ म्हणून कॅन घेऊन आलं तर तो अंगणातूनच परत जातो.

मसाल्यांची मुरवण आमच्या भागात नवी नाही. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतलं खिमाड हे तिचं गरम रूप. देशी दारूत पाणी, साखर, दालचिनी, लवंग, वेलची, गवती चहा घालून ती मंद आचेवर गरम करायची आणि लग्नाच्या किंवा बारशाच्या मांडवात छोट्या पेल्यांतून द्यायची. गोव्यात याचीच थंड बहीण आहे: दुकशिरी फेणी. आपण जिला अनंतमूळ किंवा उपळसरी म्हणतो तिची मुळं फेणीत घालून ठेवतात. काही दिवसांत फेणी सोनेरी-तांबूस होते आणि तिचा ठसका कमी होऊन मातीचा, किंचित व्हॅनिलासारखा वास येतो. गोव्याच्या काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा-पेय ठरवलं. खिमाडाला असलं काही नाही. ते लग्नांत आहे, आजींच्या हातांत आहे, आणि दर पिढीला थोडं कमी होत चाललं आहे.

याचं कारण मला आवडीनिवडीत कमी आणि कायद्यात जास्त दिसतं. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीची झाडं आणि घरगुती भट्ट्या सरकारी कराच्या जाळ्यात आल्या. 1892 मध्ये तर खास मोहासाठी कायदा आला. तेव्हाचा आपला ठाणे जिल्हा आणि शेजारचा कुलाबा इथे मोहफुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर बंधनं आली. जंगलात राहणाऱ्या माणसाच्या घरात वाळलेलं फूल सापडणं हा गुन्हा झाला. स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि तोच, दुरुस्त्यांसह, आजही महाराष्ट्रात लागू आहे. त्यानुसार दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. वाइन आणि सौम्य बिअरसाठी वय 21, बाकी मद्यासाठी 25. शिवाय कायद्यातली ‘निर्मिती’ गाळण्यापाशी थांबत नाही, मद्य तयार करणं आणि मिसळणं हेही तिच्यात येतं. म्हणजे कर भरलेल्या बाटलीत पावशेर जांभळं टाकणारी गृहिणी कुठे उभी आहे, हे कुणीच तिला धड सांगत नाही. विकलं तर गुन्हा आहे, त्यात शंका नाही आणि तो असावाच. पण स्वतःच्या कपाटातल्या एका बरणीसाठी माणसाने आवाज खाली करून बोलावं, हे मला पटत नाही.

अलीकडे दारं किलकिली होऊ लागली आहेत. 2022 साली राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंड आणि मोहफुलांपासून बनणाऱ्या मद्याला देशी दारूच्या रकान्यातून काढून विदेशी मद्याचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आपल्याच पालघर जिल्ह्यात बोर्डीला हिल झिल वाइन्सने चिकूची वाइन बनवायला घेतली. डहाणू-घोलवडचा तोच चिकू, ज्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बागायतदाराला यातून दर मिळेल, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ही दारं कारखान्यासाठी उघडतात, स्वयंपाकघरासाठी नाही.

या बाबतीत मला जपानचं उदाहरण द्यावंसं वाटतं. वसईचा जपानशी संबंध तसा जुना. इथे जन्मलेला गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर गेला. 1862 मध्ये त्याला संतपद मिळालं, आणि गासच्या चर्चमध्ये आजही त्याचा सण होतो. त्या संतपदानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1962 मध्ये, जपानने आपला मद्यकर कायदा बदलला आणि लोकांना घरी फळं मुरवायची मोकळीक दिली. अटी साध्या आणि विचारपूर्वक घातलेल्या आहेत: मूळ मद्यावर कर भरलेला असावा, त्यात मद्यार्क किमान 20 टक्के असावा म्हणजे बरणीत नव्याने आंबणं सुरू होणार नाही, द्राक्षं घालू नयेत, आणि ते घरच्यांसाठीच असावं. आज जून महिना आला की तिथल्या दुकानांत हिरवी उमे फळं, खडीसाखर, मोठ्या काचेच्या बरण्या आणि शोचू ही दारू एकाच फळीवर मांडलेले असतात. आई मुलीला प्रमाण शिकवते: एक किलो फळ, वर साखर आणि दारू, मग सहा महिने ते वर्षभर थांबायचं. सरकारने चार ओळींची सूट दिली आणि एका देशाची बरणी उजेडात आली. महाराष्ट्राने एवढ्याच चार ओळी लिहाव्यात, एवढंच माझं मागणं आहे.

आता जांभळाकडे येते. मोगरा नाजूक आहे. खरं समाधान देतं ते जांभूळ.

मनोरकडच्या बहाडोलीचं जांभूळ आता भौगोलिक मानांकनामुळे प्रसिद्ध आहे. टपोरं, गर भरपूर, बी लहान. जूनच्या पहिल्या पावसाआधी ते बाजारात येतं आणि दोन पाऊस झाले की संपतं. मी दीड किलो आणते, कारण निम्मी आणतानाच खाल्ली जातात. उरलेली हलक्या हाताने धुऊन पंचावर पसरते. एक थेंब पाणी राहता कामा नये, नाहीतर वरचं फळ बुरसतं. मग हातमोजे न घालता, कारण हातमोज्यांनी फळाचा अंदाज येत नाही, एकेक फळ चाकूने चिरून बी काढते. आठवडाभर नखं जांभळी राहतात. बी बरणीत गेली तर तोंडाला कोरड पाडणारा तुरटपणा इतका येतो की साखरेने झाकत नाही. अर्धा किलो गर, त्यावर पांढऱ्या रमची 750 मिलिलिटरची एक बाटली. तिची ताकद 42.8 टक्के. गरातलं पाणी हळूहळू दारूत मिसळतं आणि दारू गरात शिरते; दोन महिन्यांनी सगळं एकसारखं झालं की ताकद साधारण 28 टक्क्यांवर आलेली असते. म्हणून फळाचा हात सैल सोडायचा नाही. किलोभर गर कोंबला तर रंग सुरेख येईल, पण मद्यार्क पातळ होईल आणि पुढे पाक घातल्यावर बाटली आंबायचा धोका. काहीजण हे शिकतात ते कपाटात उडालेलं झाकण पाहून.

पहिल्या दिवशी रम गुलाबी होते, तिसऱ्या दिवशी वाइनसारखी, पंधरवड्यात शाईसारखी. रोज संध्याकाळी बरणी एकदा तिरकी करून हलवायची, उघडायची नाही. गणपती आले की गाळायची. मलमलचं फडकं दुपदरी करून, बरणी पातेल्यावर उलटी करून रात्रभर. पिळायचं नाही, पिळलं की गाळ येतो आणि पुढे सहा महिने द्रव गढूळ राहतो. मग पाक: दीडशे ग्रॅम साखर, तेवढंच पाणी, एक उकळी, पूर्ण थंड करून मिसळायचा. सगळा एकदम नाही, चव घेत घेत. बाटलीत भरून झाकण लावून पुन्हा अंधारात. या टप्प्यावर ती चाखली तर राग येईल इतकी कडक आणि बेसुरी लागते. मी दोन वर्षं याच वेळी निराश झाले. तिसऱ्या वर्षी एक बाटली मागे राहून गेली आणि डिसेंबरात सापडली. कडकपणा, तुरटपणा आणि गोडी एकमेकांत विरघळली होती, जणू आतल्या आत भांडण मिटलं होतं. तेव्हापासून जूनची बाटली नाताळाआधी उघडायची नाही, हा घरचा कायदा.

बाकी फळांचं थोडक्यात सांगते. करवंदं काळी झालेलीच घ्यावीत आणि मिठाच्या पाण्यात चार-पाच वेळा धुवावीत, कारण त्यांचा चीक बरणीच्या तळाला डिंकासारखा बसतो. रातांब्याच्या सालीने दारू तासाभरात लाल होते आणि आठवड्याभरात पुरेशी आंबट. त्याहून जास्त ठेवली तर दात आंबतात. आवळा, बोर हिवाळ्यात. पपई आणि कलिंगड यांचं काही होत नाही, बुळबुळीत होतात. आणि मला सगळ्यांत अनपेक्षित आनंद दिला तो सुकेळीने. राजेळी केळी उन्हात सुकवून केळीच्या सोपट्यात बांधलेली सुकेळी ही वसईची, विशेषतः आगाशीकडची, जुनी ओळख. करणारी घरं आता मोजकी उरली आहेत. चार सुकेळी काळ्या रममध्ये दहा दिवस ठेवली, तर रमला मध, अंजीर आणि थोडासा धूर असा वास आला. रम संपल्यावर उरलेली सुकेळी मावशीने शिऱ्यात घातली. तिला रम आवडत नाही, शिरा मात्र तिने दोनदा मागून खाल्ला.

फुलांबाबत मी फार कडक आहे. पिवळी कण्हेर, लाल कण्हेर, धोतरा ही विषं आहेत, सुंदर विषं. त्यांचा एक थेंबही घरात नको. सोनचाफ्याचा वास मला वेड लावतो, पण तो खाण्यापिण्यात वापरल्याचा भरवशाचा अनुभव माझ्यापाशी नाही, म्हणून तो पाण्याच्या बाटलीत ठेवून पाहत बसते, दारूत घालत नाही. आणि बाजारातला मोगरा कधीही नाही. कळी पोखरणाऱ्या अळीसाठी त्यावर फवारणी होते. मद्यार्क वास ओढतो तसंच कीटकनाशकही ओढतो. म्हणूनच मावशीच्या त्या एका ओळीची एवढी किंमत.

त्या ओळीविषयी सांगायला हवं. तिच्या पलीकडे पूर्वी बावखल होतं. वसईतली ही शेततळी पावसाचं पाणी धरत, जमिनीत मुरवत, आणि वाडीतल्या विहिरींना उन्हाळाभर गोड ठेवत. केळी, फुलं, पानवेली, सगळं त्या पाण्यावर. विहिरींवर रहाट होते. मग इमारती आल्या, टँकर आले, जमिनीतलं पाणी उपसून विकलं जाऊ लागलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या साथीदारांनी हरित वसईसाठी जे रान उठवलं ते या पाण्यासाठी आणि या वाड्यांसाठी होतं. 2009 मध्ये महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत वसई-विरारची वस्ती 12 लाखांवर गेली होती. मावशीच्या शेजारचं बावखल भरलं गेलं. तिच्या विहिरीचं पाणी दोन उन्हाळ्यांपासून मचूळ लागतं, आणि मोगऱ्याची पानं कडेने करपू लागली आहेत. गेल्या मेमध्ये तीन संध्याकाळी मिळून जेवढी फुलं निघाली, तेवढी पूर्वी एका संध्याकाळी निघायची. बाटली मी अर्धीच भरली.

नाताळच्या रात्री मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो. टेबलावर कुलकुल, नेवऱ्या, डोदोल. जांभळाची बाटली उघडली, छोट्या पेल्यांत ओतली, आणि पेला दिव्यासमोर धरला तेव्हा कडेचा जांभळा रंग गुलाबी झाला. मोगऱ्याची बाटली मी मावशीसमोर ठेवली. ती पीत नाही. तिने झाकण काढलं, नाकाशी धरलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

“कुठल्या दिवसाची?” तिने विचारलं.

मी चिठ्ठी वाचून दाखवली: मोगरा, भुईगाव, तीन संध्याकाळी, मे. तिने झाकण घट्ट लावलं, बाटली पुसली आणि फडताळात, लोणच्याच्या बरणीमागे ठेवून दिली.